देनिसची शेवटची दोन पानं कुणाकडे आहेत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर दोन-चार महिन्यांनी तुमच्याकडे एक पत्र छापून येतंच की आजकालची मुलं मराठी वाचत नाहीत, मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत वगैरे. खरं सांगते, मीपण असलंच एक पत्र लिहायला घेतलं होतं, मागच्या दिवाळीत अर्धं लिहूनही झालं होतं. मग मे महिन्यात आमच्या माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि ते पत्र मी फाडून टाकलं. हे पत्र वेगळं आहे. जरा लांबलंय, जागा नसेल तर मधला कुठलाही भाग कापा पण शेवट कापू नका, का ते शेवटी कळेलच.

ट्रंक अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आम्ही सांगलीचे, घर नदीपासून फार लांब नाही, त्यामुळे २००५ ला पाणी आलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर घरात छातीएवढं पाणी होतं, फ्रीज तरंगत होता. त्या पुरात गावातल्या वाचनालयांची किती पुस्तकं गेली, भिजून नुसता लगदा, रस्त्याकडेला ते ढीग मी डोळ्यांनी बघितलेत. आमची ट्रंक वाचली कारण ती अप्पांनी कधीकाळी माळ्यावर ढकलून दिली होती आणि किल्ली हरवल्यामुळे कुणी ती खाली काढायच्या भानगडीतच पडलं नाही. या मे मध्ये वायरिंग बदलायला माणूस आला, त्याला माळा रिकामा हवा होता, म्हणून ट्रंक खाली आली आणि दादानं हातोडीनं कुलूप फोडलं.

वर एलआयसीचे कागद, त्याखाली पेपर, त्याखाली डांबरगोळ्यांचा भुगा आणि मग आमची पुस्तकं! फास्टर फेणेची सात-आठ, चांदोबाचे अंक वर्षावर्षाचे बाइंडिंग करून ठेवलेले, किशोरचे दिवाळी अंक, आणि तळाशी रशियन पुस्तकं. त्यातलं एक उघडलं आणि तो वास आला. ज्यांच्या घरी ही पुस्तकं होती त्यांना कुठला वास ते सांगायला नको आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांना सांगून कळणार नाही. पहिल्या पानावर माझं अक्षर, "हे पुस्तक चोरणाऱ्याला पाप लागेल", आणि खाली दादाचं अक्षर, "लागू दे".

चाळिशीच्या आतल्यांसाठी थोडं सांगते. मॉस्कोतली प्रगती प्रकाशन आणि पुढे रादुगा प्रकाशन ही मंडळी मुलांची पुस्तकं चक्क मराठीत छापायची आणि ती इकडे लोकवाङ्मय गृह या प्रकाशन संस्थेमार्फत विकली जायची, गावोगावी प्रदर्शनं लागायची. अनिल हवालदारांसारखे अनुवादक रशियनमधून थेट मराठीत आणायचे, मधे इंग्रजी नाही, म्हणून ती भाषा अशी मोकळी वाटायची. आमचे अप्पा काही कम्युनिस्ट नव्हते हां, उलट रोज शाखेत जाणारे, पण अडीच-तीन रुपयांत जाड पुठ्ठ्याचं रंगीत चित्रांचं पुस्तक मिळतंय म्हटल्यावर विचारसरणी राहिली बाजूला, पिशवी भरून घेऊन आले. मग १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनच मोडलं आणि ही पुस्तकं यायची बंद झाली. त्या देशाचं काय झालं ते कळायचं माझं वय नव्हतं असं नाही, पण मला दुःख झालं ते प्रदर्शन बंद झाल्याचं.

आता खरा विषय. दादाचा मुलगा, माझा भाचा, नऊ वर्षांचा, पुण्याला इंग्लिश मीडियममध्ये आहे, सुट्टीला आमच्याकडे आला होता. मराठी वाचतो पण एकेक अक्षर लावत, काना मात्रा वेलांटी करत, दोन ओळी झाल्या की दमतो. मी मोठ्या थाटात फास्टर फेणे त्याच्या हातात दिला, म्हटलं हे वाच, वेडा होशील. दीड पानात परत आला. "आत्या, ट्रंक कॉल म्हणजे काय?" पूर्वी परगावी फोन असा बुक करून लावायचे, सांगितलं. "मग त्यानं सरळ लोकेशन का नाही पाठवलं?" आणि पुस्तक सोफ्यावर उलटं टाकून गेला. मला इतकं लागलं ना, म्हणजे हसू नका, पण फास्टर फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांचा अपमान मला स्वतःला झाल्यासारखा वाटला. तेच ते मुलं वाचत नाहीत वालं पत्र पूर्ण करायची खुमखुमी आली.

दोन दिवसांनी मी दुपारी झोपाळ्यावर बसून देनिसच्या गोष्टी वाचत होते, रशियन लेखक व्हिक्टर द्रागुनस्कीचं पुस्तक, त्यानं आपल्या मुलाचंच नाव गोष्टीतल्या पोराला दिलंय. त्यातली ती रव्याच्या लापशीची गोष्ट. आई म्हणते संपवलीस तर क्रेमलिन बघायला नेते, देनिसला काही ती गिळवत नाही, म्हणून तो त्यात मीठ घालतो, गरम पाणी घालतो, आणखी काय काय घालतो आणि शेवटी वाडगं खिडकीतून खाली उपडं करतो. थोड्या वेळानं दारात पोलीस, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला निघालेला एक गृहस्थ, टोपीवरून लापशी ओघळतेय. मी एकटीच खो खो हसत होते. भाचा आला, "का हसतेस?" मी म्हटलं ऐक. आणि वाचून दाखवली.

गोष्ट संपली तर हा गप्प. मला वाटलं हीपण आवडली नाही. मग हळूच म्हणाला, "आत्या, आजीला सांगू नकोस, मी रोज दूध मोगऱ्याच्या कुंडीत टाकतो." तेव्हा कळलं तो मोगरा पंधरा दिवस का वास मारत होता.

त्या दिवसापासून रोज रात्री एक गोष्ट. मी वाचायची, त्यानं ऐकायचं, आणि मधेच मी मुद्दाम चष्मा पुसायला थांबायचं म्हणजे पुढची ओळ तो घाईघाईत स्वतः वाचतो, ही आयडिया माझी नाही, अप्पा आमच्याशी हेच करायचे हे मला तेव्हा चाळीस वर्षांनी कळलं! काजव्याची गोष्ट वाचली, ज्यात देनिस आपला नवाकोरा खेळण्यातला डंपर मित्राला देऊन टाकतो आणि बदल्यात डबीतला एक काजवा घेतो, आई विचारते एवढी महागाची वस्तू एका किड्यासाठी का दिलीस, तर तो म्हणतो अगं तो जिवंत आहे आणि चमकतो. माझा इथे दरवेळी गळा दाटतो. भाच्याचा प्रश्न, "डंपर परत मिळाला का?" नाही म्हटल्यावर फारच नाराज. त्यानं काजवा कधी बघितलाच नव्हता. मेच्या शेवटी राधानगरीकडे काजवे दिसतात, म्हणून दादाला कामाला लावलं, गाडी काढली आणि गेलो. झाडंच्या झाडं लुकलुकत होती, आम्ही मोठी माणसं अगदी चिडीचूप, आणि आमचे चिरंजीव म्हणतात, "इथे एवढे फुकट आहेत आणि त्यानं डंपर दिला!"

असो. सांगायचा मुद्दा हा की मी आधी चूक केली होती. पुस्तक हातात दिलं आणि अपेक्षा केली की जे मला झालं ते त्याला होईल. मला तरी ते आपोआप कुठे झालं होतं? मला अप्पांनी वाचून दाखवलं, दादानं पळवून नेऊन अर्ध्यातली गोष्ट तोडली म्हणून चिडून मी पुढचं वाचायला शिकले. ते सगळं वजा करून आपण नुसतं पुस्तक देतो, आणि पोरगं दीड पानात परत आलं की पेपरला पत्र लिहितो. फास्टर फेणे नंतर परत काढला, या वेळी मी वाचला, आवाज काढून, फेणे तोंडानं काढतो ते ट्टॉक जमेल तसं करून. आता घरात कुणाला काही सुचलं की हा ट्टॉक करतो, आईला वाटतं याच्या दाढेत काहीतरी अडकलंय.

सगळंच जुनं सोनं असंही नाही बरं का. चांदोबा मी केवढ्या प्रेमानं उघडला, ती चित्रं अजूनही बघत राहावी अशीच आहेत, शंकर यांनी काढलेला तो वेताळ खांद्यावर घेतलेला विक्रम तर डोळे मिटले तरी दिसतो. पण गोष्टी परत वाचताना लक्षात आलं की सावत्र आई म्हणजे दुष्ट, म्हातारी म्हणजे चेटकीण, आणि पराक्रम केला की राजकन्या बक्षीस. लहानपणी हे काहीच खटकलं नव्हतं. मी ते गाळत नाही, वाचते आणि मधे थांबून भाच्याला विचारते की त्या राजकन्येला कुणी विचारलं का. तो म्हणतो, "आत्या तू पुढे वाच ना."

किशोरचं मात्र मनापासून कौतुक. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेलं मासिक, अजून चालू आहे आणि जुने अंक त्यांनी वेबसाइटवर फुकट ठेवलेत, कुणीही उतरवून घ्यावेत. कितीतरी घरांत हे माहीतच नाही. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवरही मुलांची मराठी पुस्तकं ढिगानं आहेत. म्हणजे पुस्तकं मिळतच नाहीत ही तक्रार अर्धीच खरी.

उरलेली अर्धी खरी आहे ती अशी, की देनिसची नवी प्रत मी सांगलीत दोन दुकानांत आणि कोल्हापुरात एका दुकानात विचारली, तिन्हीकडे मान हलली. एकानं विचारलं, "डेनिस म्हणजे तो कार्टूनमधला का?" आणि ओळखीच्या एका वाचनालयात गेले तर तिथे बालविभागाची जुनी पुस्तकं सुतळीनं बांधून दाराशी ठेवलेली, रद्दीवाला यायचा होता. त्यांचंही बरोबर असेल, जागा नाही, अनुदान वेळेवर येत नाही, कसर लागलेली पुस्तकं ठेवायची कुठे. पण पुरानं नेली ती नेली, उरलेली आपण किलोवर द्यायची म्हणजे फारच झालं. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एखाद्या रविवारी ती पुस्तकं बाहेर टेबलावर मांडा, आणि एक पाटी लावा, पाच रुपयांना एक. मी तिथल्या तिथे अकरा उचलली, त्यांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत. रद्दीचा भाव मिळाला असता त्यापेक्षा जास्त द्यायला मी तयार होते.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतही एखादा कोपरा असा ठेवता येईल का बघा, जिथे वाचक घरातल्या जुन्या बालपुस्तकांची नावं कळवतील, कुणाकडे काय आहे, कुणाला काय हवंय. जाहिरातीला जागा असते, मग याला का नसावी.

आणि आता माझंच हवंय ते. भाचा जूनमध्ये पुण्याला परत गेला. पुस्तक मी त्याला दिलं नाही, स्वार्थी आहे मी, शिवाय ते आता हातात धरलं तरी सुटतंय. त्याऐवजी रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल, पाच-दहा मिनिटं, एक गोष्ट. ज्या मोबाईलला मी शिव्या घालत होते त्याच्यावरूनच, काय करणार. मागच्या आठवड्यात पुस्तकातल्या शेवटच्या गोष्टीपाशी आलो आणि बघते तर तिची शेवटची दोन पानं कसरीनं खाल्लीत, जाळी झालीय नुसती. मला शेवट आठवत नाही, दादाला तर काहीच आठवत नाही, त्याला चोरायचं तेवढं माहीत. मी त्या दिवशी नेट गेलं असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी घसा बसला असं सांगितलं, परवा मनानं शेवट रचून सांगितला तर तो म्हणाला, "हे तू बनवलंयस, देनिस असं करणार नाही."

तेव्हा तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, कपाटात, आजोळी देनिसच्या गोष्टी असेल तर शेवटच्या दोन पानांचा फोटो काढून तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावा, तुम्ही तो माझ्यापर्यंत पोचवाल अशी आशा करते. जरा लवकर झालं तर बरं, मी सध्या फास्टर फेणेवर दिवस काढतेय आणि त्यातलीही दोनच उरलीत.

आपली,
एक आत्या, सांगली