खोका सापडला बे!

विन्या,

दोन वर्षं फोन नाही, मेसेज नाही, शिव्या देशील माहीत आहे, पण आधी वाच. तब्येत ठीक, शुगर जरा वर, सोड.

परवा महाल भागातल्या घरी आईची ट्रंक उपसली. तळाशी बोर्नव्हिटाचा डबा, त्यात भोवरा, कंचे आणि थ्री-नॉट-थ्री रायफलच्या उडवलेल्या काडतुसाचा रिकामा खोका. तोच बे! कामठीच्या कॅम्पात फायरिंगनंतर खोक्यांच्या मोजणीत एक कमी भरला, तुझ्या लेनमधला म्हणून तू रायफल डोक्यावर धरून चकरा मारल्या आणि आम्ही सगळे गवतात रांगत शोधत होतो. मीही रांगत होतो. खोका माझ्या मोज्यात होता.

काऊन घेतला ते विचारू नको, गरम होता, छान वाटला, बस.

आता रोज रात्री काढून पाहतो. पितळ काळं पडलंय, बुडावर केएफ, म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी, आणि ७, म्हणजे मार्क सेव्हन, काडतुसाचा प्रकार. १७४ ग्रेनची गोळी, सव्वाअकरा ग्रॅम धर. तू पैज लावली होतीस की आत सगळं शिसंच असतं. नसतं बे, टोकात अ‍ॅल्युमिनियम, शिसं मागे, म्हणून बूड जड. शंभर रुपये बाकी आहेत तुझ्याकडे. आणि फायरिंग झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचो, काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतल्या क्षाराने गंज चढतो म्हणून, तर तू फायरिंग शिकवणाऱ्या उस्तादला म्हणालास, यातच चहापत्ती टाकू का!

पोरगा विचारतो, बाबा हे परत भरता येतं का. बाहेर देशात लोक भरतात म्हटलं, पण यात टॉर्च मारून बघ, तळाला दोन बारीक भोकं दिसतात. मधोमध एकच असतं तर जुनी टोपी सळईने ढकलून निघते, ही तशी निघत नाही. शिवाय बुडाच्या कडेच्या जरा पुढे एक चकचकीत रेघ आहे, आपल्या त्या एन्फिल्ड रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ऐसपैस, पितळ तिथंच ताणतं, पुन्हा उडवला की तिथूनच तुटायचा.

पण याचं करू काय? १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये काडतुसाचे भागही दारूगोळ्यातच धरलेत. ठाण्यात नेऊन काय सांगू, साहेब, मोज्यात राहून गेला? फुटाळा तलावात फेकायला गेलो होतो, तर्री पोहे खाऊन परत आलो. तुला विचारल्याशिवाय फेकवेना.

वहिनीचं ऑपरेशन नीट झालं ना? पिंकी दहावीला ना यंदा?

तू म्हणशील ते करतो. फक्त चकरा मारायला लावू नको, गुडघे गेलेत.

तुझाच,
बंड्या