तार आली त्या रात्री

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीवर आपल्या दैनिकात अधूनमधून जे छापून येते, त्याची कात्रणे मी जपून ठेवतो. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथल्या बराकींत राहिले. त्यांत बायका-पोरेच जास्त. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसे इराणमार्गे आपल्याकडे पोचली. आज महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. छावणीत वाढलेल्या मुलांनी आपल्या आठवणी सांगून, लिहून ठेवल्या, म्हणून एवढे तरी टिकले. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना मात्र कुणी विचारलेच नाही.

मी तीस-एक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. दुसरे महायुद्ध तीन तासिकांत उरकायचे. प्रकल्प दिला की पोरे नेटकॅफेतून रणगाड्यांची रंगीत चित्रे छापून आणायची आणि मी त्यांना दहापैकी आठ गुण द्यायचो. त्यांना काय बोलणार? मीच कधी घरात विचारले नव्हते.

निवृत्तीनंतर आत्याला विचारले. माझे थोरले चुलते मराठा पलटणीतून इटलीला गेले, ते परतलेच नाहीत. आत्या तेव्हा बारा वर्षांची. मी वहीपेन घेऊन बसलो आणि ‘भावाची बातमी कळल्यावर काय वाटलं?’ असा मूर्ख प्रश्न टाकला. ती उठून चहा ठेवायला गेली. दुसऱ्या खेपेस मी भोकाचा पैसा घेऊन गेलो. युद्धात तांब्याची चणचण म्हणून १९४३ पासून सरकारने मधोमध भोक पाडलेला पैसा काढला होता. तो बोटांत फिरवता फिरवता आत्या आपणहून बोलायला लागली. रॉकेल मिळेना म्हणून दिवेलागणीआधीच कशी जेवणे उरकायची, लुगड्याच्या कापडासाठी दुकानापुढे कशी रांग लागायची. मग म्हणाली, “तार आल्याली, पर इंग्रजी वाचाय गावात कोन न्हवतं. मास्तर बाजाराला गेल्याला. आईनं तार देवळीत ठिवली. त्या रातीला आमी समदी पोटभर जेवलो बघ.”

त्या युद्धात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक कामी आले. हा आकडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत होतो. देवळीतली तार मात्र मला साठीनंतर कळली.

तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज नव्वदी ओलांडून गेलेत. त्यामुळे घरच्या म्हाताऱ्यांच्या युद्धकाळातल्या आठवणी ऐकून वहीत उतरवायचे काम नववीच्या मुलांना या दिवाळीच्या सुट्टीतच द्यावे. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, कागल-भुदरगडातही फौजी घरे आहेत. वळिवड्याच्या छावणीच्या जागी वसलेल्या गांधीनगरला तर पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी कुटुंबकबिले उतरले. ते युद्धाचे निर्वासित नव्हेत, हे मला कळते. पण रिकाम्या झालेल्या दुसऱ्याच्या खोलीत चूल कशी मांडली, हे ऐकायला नववीच्या मुलाला आवडेल.

शिक्षकांना अनुभवाने एवढेच सांगेन, की मुलांना प्रश्नावली देऊ नका, घरातली एखादी वस्तू पुढे ठेवायला सांगा. म्हातारे माणूस गप्प झाले तर मुलानेही गप्प बसावे, आणि वहीत ‘इथे थांबल्या’ असे लिहावे. बोली आहे तशी उतरवावी. माझी आत्या अखेरपर्यंत ‘दादा जर्मनीत गेला’ म्हणायची. मी ते खोडले नाही, समासात ‘इटली’ लिहिले. आणि कृपा करून याला गुण देऊ नका. गुण आले की पोरे आजीच्या तोंडी पर्ल हार्बर घालतील!

आपण रविवारच्या अंकात अशा एका वहीला पाव पान द्याल का? पहिली वही म्हणून आत्याची पाठवायला मी तयार आहे. तिच्या मुलांची परवानगी घेतली आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर