विम्याचे कार्ड: मागची बाजूही स्कॅन व्हावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंदूरच्या अनेक खासगी रुग्णालयांत आता नोंदणीच्या खिडकीवर विम्याचे कार्ड मागून घेतात, स्कॅन करून रुग्णाच्या संगणकीय नोंदीला जोडतात आणि परत देतात. झेरॉक्सच्या गठ्ठ्यांपेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली आहे. मी स्वतः बारा वर्षे अशाच एका खिडकीवर काम केले आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगते. परंतु कार्डाचे चित्र संगणकात गेले म्हणजे काम झाले, अशी जी समजूत खिडकीच्या दोन्ही बाजूंना आहे, तिचा भुर्दंड रुग्णाच्या घरच्यांना बसतो, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात माझ्या सासूबाईंना रात्री छातीत दुखू लागले आणि आम्ही त्यांना नेहमीच्या रुग्णालयात नेले. तेथे त्यांची जुनी नोंद होती, तिला कार्डही जोडलेले होते. त्यामुळे खिडकीवरच्या मुलाने नवे कार्ड मागितले नाही आणि त्या धावपळीत आम्हीही ते पुढे केले नाही. मधल्या काळात यजमानांनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केली होती. पॉलिसी क्रमांक, सभासद क्रमांक, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था), सारेच बदलले होते. कॅशलेसचा, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर भरावे यासाठीचा, अर्ज जुन्या क्रमांकावर गेला, सकाळी नामंजूर होऊन आला, आणि तोवर आम्हाला ४० हजार रुपये अनामत भरावी लागली. मी ती नोंद स्क्रीनवर पाहायला मागितली. कार्डाची फक्त पुढची बाजू होती, लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकून सभासद क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पांढऱ्या पट्ट्यात गडप झाले होते, आणि हे कार्ड कधीपर्यंत चालणार, याची तारीख कोणी टाइप केलेलीच नव्हती. टीपीएचा फोन क्रमांक मागच्या बाजूला छापलेला होता. ती बाजू स्कॅनच झाली नव्हती.

कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये सांगितले आहे. परंतु अर्जच चुकीच्या दारी गेला, तर त्या एका तासाचा रुग्णाला काय उपयोग?

आता एकेका रुग्णाची कार्डेही वाढली आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. ज्यांचे कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत आहे, त्या ज्येष्ठांना वर्षाला ५ लाखांचे वेगळे संरक्षण आहे. त्यातच मुलाच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी असते. ही सारी कार्डे एकाच नोंदीत 'कार्ड १', 'कार्ड २' अशा नावांनी पडून राहिली, तर रात्रपाळीच्या माणसाने कोणते उघडायचे?

आपल्या मराठी घरांना आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित जाणवणार नाही. हिंदीत 'काळे'चे 'काले' होते, मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर गळते, आणि वयस्कर स्त्रीच्या नावाला कोणीतरी आपणहून 'बाई' जोडून देतो. कार्डावर एक नाव, आधारवर दुसरे आणि रुग्णालयाच्या नोंदीत तिसरे, अशी स्थिती असली की दाव्यावर लगेच शंका काढली जाते. चित्रावरून अक्षरे वाचणारे सॉफ्टवेअर हे सोडवू शकत नाही. ते फार तर चुकलेले नाव अचूक उतरवून घेईल. कार्ड हातात धरून रुग्णाच्या माणसाला विचारणे, हाच त्यावर उपाय आहे.

अनेक ठिकाणी स्कॅनर बंद असला की कर्मचारी स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपने बिलिंग विभागाला पाठवतो, हेही थांबले पाहिजे. कार्डासोबत आधारचाही फोटो जातो आणि तो त्या मोबाईलमध्ये कायमचा राहतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काय म्हणतो, ते खिडकीवरच्या मुलाला कोणीतरी समजावून सांगायला हवे. दोष त्याचा एकट्याचा नाही. जेथे चालेल तेथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे मास्क्ड आधार घ्यावे.

शहरातील रुग्णालयांना माझी विनंती आहे की कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, पॉलिसी क्रमांक, सभासद क्रमांक आणि मुदतीची तारीख हाताने टाइप करून रुग्णाच्या माणसाला वाचून दाखवावी, मुदत संपलेले कार्ड पुसून न टाकता त्यावर तशी खूण करावी, आणि प्रत्येक भेटीत "कार्ड तेच आहे ना?" एवढे विचारावे. आमच्या खिडकीवर या कामाला दीड-दोन मिनिटे लागत, आणि रांग मोठी असली तरी आम्ही ते टाळत नसू.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर