गुरुवारचा उपास

कराड, गुरुवार

चि. जुई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी जरा जास्तच बोलले. तू ठेवून दिलास ते बरं केलंस. लिहिताना तोंड आवरतं, म्हणून बसलेय. जेवणाबद्दल अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय.

पार्सल काल टाकलं. मेतकूट आणि लसणाची चटणी आहे. मेतकूट गरम भातावर घे. (हे पार्सलबद्दल आहे.)

बाबा अजून घुमेच. पण मोबाईलवर इम्फाळचं हवामान बघतात, मला दिसतं. परवा नाक्यावर कुणीतरी म्हणालं, पोरीला कशाला तिकडे धाडलीत? "वकील आहे ती," एवढंच बोलून चालू लागले.

कांगला किल्ल्याच्या दाराचा फोटो पाठवलास आणि खाली काहीच लिहिलं नाहीस. आईला काय कळणार, असंच ना? आसाम रायफल्सच्या जवानांनी रात्री घरातून नेलेल्या थांगजाम मनोरमाचं प्रेत सापडलं, त्यानंतर चार दिवसांनी, 15 जुलै 2004 ला, बारा बायका त्या दारात अंगावरचे कपडे उतरवून उभ्या राहिल्या. पोराबाळांच्या आया सगळ्या. तू पहिलीत होतीस. मी बँकेत डबा खाताना पेपर उघडला आणि लगेच मिटला, कारण शेजारी साहेब बसले होते. लाज नक्की कुणाची वाटली ते अजून मला सांगता येत नाही. त्याच वर्षी रायफल्सनी तिथला तळ हलवून किल्ला सोडला.

पण माझ्या डोक्यातून इरोम शर्मिला जात नाही. खरं तर तिची आई.

इम्फाळजवळ मालोमच्या बस थांब्यावर दहा माणसं जवानांच्या गोळीबारात गेली तो 2 नोव्हेंबर 2000 गुरुवार होता. शर्मिला गुरुवार करायची, मी करते तसाच. तो तिनं सोडलाच नाही. आईचा आशीर्वाद घेतला आणि बसली. अफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा, हटेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. मग आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम, त्याला जास्तीत जास्त वर्षाची कैद, म्हणून वर्ष भरलं की सोडायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा नाकात नळी. सोळा वर्षं. 309 मला तूच समजावलं होतंस, मी तुलाच काय सांगतेय.

आणि त्याच शहरात तिची आई, सखीदेवी. लेकीला भेटायला जायची नाही. आपण समोर गेलो, रडलो, तर पोर ढिली पडेल म्हणून. मी इथे संकष्टीला चंद्र ढगात अडकला तरी कासावीस होते.

तुला शांतामावशींचा कप आठवतो का? मोरीशेजारच्या कोनाड्यातला, कान तुटलेला. तो आतल्या फळीवर येईपर्यंत जेवणार नाही म्हणालीस. नऊ वर्षांची होतीस. आजी म्हणाल्या, दोन वेळा उपाशी राहिली की येईल वळणावर. दुसऱ्या रात्री मी अंधारात दूधभात कालवून आणला आणि सांगितलं, "ठेवला कप आत." तू खाल्लास. कप कोनाड्यातच होता, जुई. आजी गेल्या त्यानंतर हलवला. सकाळी तुला तो दिसला असणार, पण तू काही बोलली नाहीस. तुझा उपास मी खोटं बोलून मोडला, आणि आता बायकांमध्ये मिरवते, आमची जुई लहानपणापासूनच अशी.

म्हणून मदत छावणीतल्या बायकांचं ऐकून आल्यावर घास उतरत नाही असं काल म्हणालीस तेव्हा घाबरले. तू उपास धरलेला नाहीस, मला कळतं. पण असंच सुरू होतं. चार जणांचं दुःख ऐकायचं तर अंगात रक्त नको का? आधी आपली प्रकृती, मग जग. रात्रीची एकटी फिरू नकोस, प्रत्येक कागदावर सही करायला पुढे होऊ नकोस...

झालं सुरू. माफ कर. नाक्यावर बाबांना विचारणारा आणि मी, फरक काय राहिला?

शर्मिलानं 9 ऑगस्ट 2016 ला तळहातावर मध घेऊन चाटला, तो फोटो मी जपून ठेवलाय. कायदा तसाच होता. नळी नाकात होती तोवर लोकांची देवी होती, आणि जेवायचं म्हणाली तर राहायला जागा द्यायला वस्तीतले लोक तयार होईनात. पुढच्या वर्षी निवडणुकीला उभी राहिली, मतं पडली 90. याचा मला अजून संताप येतो. आता तिला जुळ्या मुली आहेत. त्या जेवायला त्रास देत असतील तर ती काय करत असेल, असं उगीच मनात येतं.

तुझी घरमालकीण इमा जिन्यात भेटली की "चाक चारब्रा?" विचारते म्हणालीस, म्हणजे भात खाल्लास का. मला ती बाई न बघता आवडली. चिवड्याची वेगळी पुडी आहे ती तिची. आणि तिला उत्तर देशील ते खरं दे, माझ्यासारखं नको.

बाबा विचारतायत, पत्रात त्यांचं नाव घातलं का. घातलंय.

तुझी
आई