डोक्याला मुका मार आणि पुढचे सहा आठवडे

संपादकसाहेब, नमस्कार.

अपघाताच्या बातमीत शेवटी एक ओळ असते बघा, ‘अन्य एक जण किरकोळ जखमी’. गेल्या जुलैत ती किरकोळ जखमी मी होते, फक्त बातमी आली नाही. डीपी रोडला वळताना ओल्या खडीवरून ॲक्टिव्हा घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं, हेल्मेट होतं (हो, पुण्यात राहून घालते) म्हणून कवटी वाचली. बेशुद्ध वगैरे नाही झाले. उठून गाडी मीच स्टँडला लावली म्हणे, मला आजही ते आठवत नाही, आणि खरं तर तीच मोठी खूण होती.

सिटी स्कॅन नॉर्मल आलं. ‘काही नाही, मुका मार आहे’, घरी पाठवलं. आणि मग सुरू झालं. जीएसटीचे रिटर्न भरणं माझं रोजचं काम, पण आकडा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत नेईपर्यंत डोक्यातून जायचा, ट्यूबलाइट डोळ्यात टोचायची, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळेना, नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला की मी खिडक्या लावून चक्क रडायचे. घरचे म्हणायचे रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना, ऑफिसात तर मी नाटक करते अशी खात्रीच झाली होती.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले तेव्हा कळलं की हे कन्कशन. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. पण हिसक्याने मेंदू आतल्या आत हलतो आणि पेशींचं काम काही दिवस विस्कटतं, ते त्या फोटोत येतच नाही. हेल्मेट हाड वाचवतं, आतला हिसका पूर्ण थांबवू शकत नाही. बहुतेक मोठी माणसं दोनेक आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाही लागतो, मला सहा आठवडे लागले. त्यात माझीही चूक होती, सगळ्यांचं ऐकून पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिले. पूर्ण आराम एक-दोन दिवसच हवा असतो, मग थोडं चालणं, थोडं काम, त्रास वाढला की एक पायरी मागे.

31 जानेवारी 2025 ला गहुंजेच्या मॅचमध्ये शिवम दुबेच्या हेल्मेटवर बॉल लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला, आठवतंय? ऑलराउंडरच्या जागी फास्ट बॉलर कसा, यावर आख्खं पुणे भांडलं, पण मुळात डोक्याला मार लागलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घ्यायचा नियम का आहे हे कुणी बोललं नाही. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन, क्वचित का होईना, जीव जाऊ शकतो, विशेषतः पोरांचा. आणि आपल्याकडे कबड्डीत डोकी आपटली तरी पाणी मारून पोराला पुन्हा मैदानात पाठवतात! शंका आली तर त्या दिवशी खेळ बंद, एवढं तरी पाळा.

परत परत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोबडं बोलणं, हातपाय लुळे पडणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं किंवा माणूस उठवून उठत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा. आणि घरात रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा असतील तर बाथरूममध्ये साधं डोकं आपटलं तरी लगेच दाखवा, बाहेर टेंगूळही नसतं आणि आत रक्त साचत असतं.

आणि तुम्हाला एकच विनंती, डोक्याला मार लागलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशीच्या बातमीत ‘किरकोळ’ करून टाकू नका. ‘डोक्याला मार’ एवढंच छापा.

तुमची एक वाचक, कोथरूड, पुणे