रॅली काढा, पण आधी त्या घरी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारगिल विजय दिन तोंडावर आलाय. त्या दिवशीच्या बाइक रॅल्यांवर बंदी घाला, अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं. 'ही श्रद्धांजली नव्हे, पेट्रोल जाळायचे धंदे' असं त्यात म्हटलंय. लगेच तावातावाने उत्तरंही आली. मी दोन्हीकडचा थोडा थोडा आहे, म्हणून लिहितो. लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहनाच्या दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं डीआर होतो, म्हणजे डिस्पॅच रायडर. आजही माझ्या दारात बुलेट उभी असते.

डीआरचं काम सांगायला सोपं. सीलबंद डाक पिशवीत घालायची, किक मारायची, पोचवायची, वहीवर सही घ्यायची आणि परत यायचं. वाटेत थांबायचं नाही, कुणाला मागे बसवायचं नाही. तेव्हाच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. अँपिअरचा काटा मध्ये आणून, डीकॉम्प (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून मग किक. घाई केलीत तर किक उलटी येऊन नडगी फोडायची. माझ्या उजव्या नडगीवर ती खूण अजून आहे. बायको तिला माझं मेडल म्हणते.

माझं एक पोस्टिंग जम्मूतल्या राजौरीकडे होतं. नौशेराहून राजौरीला जाणारा रस्ता मी डाकेची पिशवी घेऊन किती वेळा केला, मोजलं नाही. १९४८ च्या एप्रिलमध्ये याच वाटेवर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी शत्रूच्या गोळीबारात सुरुंग काढून आणि अडथळे फोडून आपल्या रणगाड्यांना वाट करून दिली होती. रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधे राहून ते सरपटत पुढे सरकले. हातातल्या दोन दोऱ्या ओढून चालकाला कधी थांब, कधी चल अशा खुणा करत होते. या कामाबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळालं, आणि ते घ्यायला ते स्वतः हयात होते. हा कारवारकडचा मराठी माणूस पुढे मेजर होऊन निवृत्त झाला. आमच्या सुभेदारसाहेबांनी ही गोष्ट सांगितल्यापासून मी त्या रस्त्यावर कधी गाडी दामटली नाही. वरच्यांना कळलं असतं तर उशिराबद्दल बोलणी खाल्ली असती.

पेन्शनीवर आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर बुलेट घेतली आणि वाटेत थांबलो. कुठेही. वाईच्या पुढे घाट चढताना उसाच्या गुऱ्हाळाशी थांबलो, एका धाब्यावर उगाचच तासभर बसलो. कुणाची सही घ्यायची नव्हती, कुणी वाट बघत नव्हतं. मोटारसायकलवर स्वातंत्र्य वाटतं असं पोरं म्हणतात, तेव्हा लोक हसतात. मला हसू येत नाही. जवानाला वर्षात दोन महिने रजा मिळते. गावी आला की तो पहिल्यांदा गाडी काढतो आणि बिनकामाचा फिरतो, कारण त्या दोन महिन्यांत त्याला 'कुठे निघालास' असं विचारणारा हवालदार नसतो. घरची विचारतात, ती गोष्ट वेगळी.

म्हणून रॅल्यांवर बंदी नको, असं माझं मत आहे. गेलेल्या जवानाला ही पोरं गाडीवरून मानवंदना देतात, यात मला वावगं दिसत नाही. मी स्वतः साठीत असताना एका मित्राबरोबर बुलेटवर कारगिलकडच्या द्रासला, युद्धस्मारकावर जाऊन आलो. झोजीला खिंडीतल्या चिखलात दोनदा पडलो. स्मारक श्रीनगर-लेह रस्त्याला लागूनच आहे, मागे तोलोलिंगचा डोंगर. कारगिलच्या लढाईत आपले ५२७ गेले, तिथल्या भिंतीवर नावं कोरलीत. एक तरुण जवान त्या डोंगराकडे बोट करून कोणती तुकडी कुठून चढली ते सांगत होता. आमच्या आधी आलेली वीस-पंचवीस बायकर पोरं हेल्मेट काखेत धरून ऐकत होती. एकही मोबाइल वर नव्हता. तिथे मला या पोरांचं खरोखर कौतुक वाटलं.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारच्या गावात एक घर आहे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचा मुलगा सीमेवर गेला त्याला वीस वर्षं होऊन गेली. (सैन्याच्या कागदावर 'शहीद' हा शब्द नसतो, 'बॅटल कॅज्युअल्टी' असतो. फ्लेक्सवर लिहिणाऱ्यांनी लिहावं, माझी तक्रार नाही.) शाळेसमोर त्याचा अर्धपुतळा आहे. गेल्या वर्षी २६ जुलैला शहरातून साठेक गाड्या तिथे आल्या. अर्ध्याअधिक गाड्यांना फटाका सायलेन्सर. डोक्यावर हेल्मेट नाही, तिरंगी फेटे. पोरं पुतळ्याला हार घालताहेत, घोषणा देताहेत, वर ड्रोन घरघरतोय. बाजूच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून उधळली, ती धरायला त्या मुलाची आई धावली. ती त्याची आई आहे हे त्या साठांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

मग काही जण घरी आले. पडवीत पोत्याखाली त्याची आरएक्स १०० उभी असते, यामाहाची जुनी मोटारसायकल. सुट्टीवर असताना सेकंडहँड घेतलेली. वडील अधूनमधून पोतं काढून पुसतात, वर्षातून दोनदा मी जाऊन चालू करून देतो. आरएक्स म्हटल्यावर बायकर पोरांचं काय होतं हे तुम्हाला माहीत असेलच. पोतं उचलून झालं, फोटो झाले. शेवटी एकजण म्हणाला, "काका, विकायची का? चांगली किंमत देतो."

वडील काही बोलले नाहीत. पोतं परत नीट टाकलं आणि सगळ्यांना चहाचं विचारलं.

तो पोरगा वाईट नव्हता. त्याला कळलंच नाही. पण कळायला हवं होतं, एवढं मला म्हणायचंय.

फेट्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली हेल्मेटची सूट शीख बांधवांच्या पगडीला आहे, आपल्या फेट्याला नाही, मग तो कितीही रंगांचा असो. गाडीला तिरंगा बांधण्याचंही तसंच. ध्वजसंहितेप्रमाणे मोटारीवर राष्ट्रध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे. रॅली गेल्यावर दुसऱ्या दिवशी गटारात पडलेले झेंडे मीच गोळा केलेत, म्हणून बोलतो. सायलेन्सरबद्दल तर काय बोलावं? युनिटमध्ये गाडीचा आवाज बदललेला दिसला तर आधी आम्हालाच फैलावर घेत. आणि ज्या घरात रात्री दार वाजल्यावर अजून छातीत धस्स होतं, त्या घरापुढे जाऊन धडाधड फटाके फोडायचे?

माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनियात असतो. तिथे पेट्रियट गार्ड रायडर्स म्हणून बायकर मंडळी आहेत, २००५ पासूनची. त्यांची सुरुवात चमत्कारिक आहे. जवानांच्या अंत्यविधीच्या जागी जाऊन एक पंथ निदर्शनं करायचा, घरच्यांना वाटेल ते ऐकवायचा. ते घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ही दाढीवाली, जाकीटवाली माणसं मधे ओळीने झेंडे घेऊन उभी राहू लागली. त्यांचा एक नियम भाच्याकडून ऐकला तेव्हापासून डोक्यातून जात नाही. घरच्यांनी बोलावल्याशिवाय ते जात नाहीत. गेले तर गप्प उभे राहतात. अमेरिकेचं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही, पण एवढं उचलायला हरकत नसावी.

सातारा जिल्ह्यात अशा घरांना तोटा नाही. अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. मुंबई-पुण्याच्या पोरांनी द्रासला जरूर जावं. पण दोन हजारांवर किलोमीटर जायला रजा नसेल तर एका रविवारी इकडे या. येण्याआधी फोन करा, गावच्या सरपंचाला विचारा, घरी कोण आहे, त्यांना चालेल का, हे बघा. कुणी नको म्हटलं तर रागावू नका.

आम्ही काही माजी सैनिक आणि गावातली चार-दोन बुलेटवाली पोरं यंदा २६ जुलैला त्या घरी जाणार आहोत. मी गेल्या रविवारी जाऊन विचारून आलो. वडील आधी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दहा-बारा गाड्यांपेक्षा जास्त नकोत, एसटी स्टँडपाशी लावा आणि चालत या, अकराच्या आत उरका, नंतर त्यांना आडवं व्हावं लागतं. हार नको म्हणाले.

निघताना मला पडवीत थांबवलं. आरएक्स हल्ली दोन-तीन किकांत घेत नाही. येताना कार्ब्युरेटर खोलून साफ करता येईल असा एखादा पोरगा बरोबर आणा, म्हणाले.

आपला,
एक निवृत्त डीआर
ता. कोरेगाव, जि. सातारा