लाल रेघ कात्रीत गेली

महोदय,

औषधे जपून वापरण्याबाबत महाविद्यालयीन विद्यार्थी अनभिज्ञ असल्याची आपली कालची बातमी वाचली. जनजागृती फेरीचे छायाचित्रही पाहिले. फलक छान रंगवले आहेत. मुलांना चार गोष्टी सांगायला हव्यात, त्याला ना नाही. पण ही फेरी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानावरूनही न्यायला हवी होती.

माझा भाचा लातूरहून इथे शिकायला आला आहे, कॉट बेसिसवर राहतो. गेल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला झाला म्हणून दुकानात गेला. दुकानदाराने ना चिठ्ठी मागितली, ना काही विचारले. दोन-तीन स्ट्रिप काढल्या, कात्रीने त्यांचे तुकडे पाडले, पुडीत घातले आणि 'सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर' म्हणाला. बिल मागितले तर 'त्याचं काय करणार?' तुकड्यांवर ना धड औषधाचे नाव, ना मुदत. स्ट्रिपवर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असे केंद्रीय आरोग्य खाते २०१६ पासून सांगते आहे. इथे ती रेघ दुकानातच राहिली. पोराने जागृत व्हायचे ते काय वाचून?

त्याला जुलाब लागले तेव्हा मीच दुकान गाठले. 'सेफिक्झिम होती काका, सगळेच नेतात.' सेफिक्झिम हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) 'शेड्यूल एच-वन'मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत येते. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, गोळ्या किती, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे, असा नियम २०१४ पासून लागू आहे. रजिस्टर दाखवा म्हटल्यावर मालक 'आणतो' म्हणून आत गेले ते गेलेच. डॉक्टरांच्या रकान्यात कोणाचे नाव घातले असेल, याची मला फार उत्सुकता होती. मुळात विषाणूच्या सर्दीवर हे औषध काही कामाचे नाही. उरलेल्या गोळ्या रूम पार्टनरने तापात घेतल्याचे नंतर कळले. त्याला तरी कोण सांगणार होते?

अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक अशा दुकानांत कधी डोकावतात, याचीही बातमी एकदा करा.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात, आतल्या पानावर, उंची वाढवण्याच्या हमखास औषधाची जाहिरात आहे. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती कोणाच्या प्रबोधनासाठी छापली, तेही कळवावे.

आपला,
एक त्रस्त मामा, सदाशिव पेठ, पुणे